पोटाची भिंत मोठी फाटली असेल तर: ऊती-प्रत्यारोपणाबद्दल गोव्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोटाचं मोठं ऑपरेशन होऊन घरी परतलेल्या काही जणांना सहा महिन्यांनी, वर्षाने एक निराळाच त्रास सुरू होतो. जखम भरलेली असते, पण पोट पुढे लोंबतं. खोकलं की आतडी कातडीखाली हलताना दिसतात, शर्टाची बटणं लागत नाहीत, आणि पेज प्यायली तरी वळवळ जाणवते. मग घरातलं कुणीतरी मोबाईलवर ‘पोटाच्या भिंतीचं प्रत्यारोपण’ असं काहीतरी वाचतं आणि प्रश्न घेऊन ओपीडीत येतं. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं एका जनरल सर्जनची आहेत, आणि जिथे माझं वैयक्तिक मत आहे तिथे ते मत म्हणूनच लिहिलंय.

पोटाची भिंत म्हणजे नेमकं काय?

कातडी, तिच्याखाली चरबी, मग स्नायू, आणि सगळ्यांत आत पोटाचं पातळ अस्तर. मध्यभागी बरगड्यांपासून जांघेच्या हाडापर्यंत दोन उभे स्नायू, आणि दोन्ही कुशींना एकावर एक असे तीन आडवे-तिरके थर. या स्नायूंना गुंडाळणारे पांढरट, चिवट पडदे असतात, त्यांना फॅशिया म्हणतात. पोटाची खरी ताकद या पडद्यात आहे. नुसत्या स्नायूत घातलेला टाका लोण्यात घातल्यासारखा सुटून येतो, फॅशियात घातलेला टिकतो. म्हणून सर्जन जेव्हा म्हणतो की ‘भिंत गेली’, तेव्हा बहुतेक वेळा त्याला फॅशिया गेला असं म्हणायचं असतं. वरची कातडी शाबूत असू शकते.

‘मोठं’ कशाला म्हणायचं?

युरोपियन हर्निया सोसायटीच्या वर्गीकरणात ऑपरेशननंतरच्या हर्नियाची (फॅशियातल्या भोकातून आतडी बाहेर येण्याची) म्हणजे त्या भोकाची रुंदी १० सेंटीमीटर किंवा जास्त असेल तर तो सर्वांत वरच्या गटात जातो. पण नुसती रुंदी पुरेशी नाही. बाहेर आलेल्या पिशवीत किती आतडी आहेत, वर कातडी धड आहे की नुसती पातळ साल, आतड्याला भोक पडून मळ बाहेर झिरपतोय का, आधीच्या ऑपरेशनमध्ये आधाराला बसवलेली जाळी कुजली आहे का, हे सगळं बघावं लागतं. ८ सेंटीमीटरचा पण पू झालेला हर्निया १४ सेंटीमीटरच्या कोरड्या हर्नियापेक्षा जास्त छळतो.

हे कशामुळे होतं?

आपल्याकडे सर्वांत जास्त वेळा आधीच्या ऑपरेशनमुळे. अल्सर किंवा अपेंडिक्स फुटून पोटभर पू झालेला असतो, रात्री तातडीने मधोमध चीर घेऊन पोट उघडावं लागतं, आतडी सुजलेली असतात, आणि काही वेळा ते पोट लगेच बंदच करता येत नाही. मग ते काही दिवस उघडं ठेवून वर प्लास्टिकचं आवरण घालतात. ही युक्ती कोलंबियातल्या ओस्वाल्दो बोर्राएस या सर्जनने १९८४ मध्ये सलाईनची रिकामी पिशवी वापरून केली, म्हणून जगभर तिला ‘बोगोटा बॅग’ म्हणतात. जीव वाचतो. मात्र तोवर फॅशियाच्या कडा दोन्ही कुशींकडे मागे सरकलेल्या असतात.

बाकी कारणं म्हणजे रस्त्यावरचे अपघात (आपल्या महामार्गावर त्यांना तोटा नाही), झाडावरून पडणं, बैलाने किंवा गव्याने शिंग मारणं, मांस सडवणारा जंतुसंसर्ग, आणि भिंतीतच वाढलेली गाठ कापून काढणं. नवजात बाळांचा प्रकार वेगळा आहे, तो पुढे येईल.

साध्या हर्नियाला जाळी बसवतात, तशी इथे का नाही बसवत?

बसवतात. बहुतेकांना शेवटी जाळीच बसते. जाळीचं महत्त्व इतकं की नेदरलँड्समध्ये ६ सेंटीमीटरपर्यंतच्या हर्नियांवर झालेल्या एका चाचणीत नुसते टाके घातलेल्यांपैकी ६३ टक्के लोकांना १० वर्षांत हर्निया पुन्हा झाला, जाळी बसवलेल्यांपैकी ३२ टक्के लोकांना. लहान भोकांची ही गत, तर मोठ्यांचं काय होईल ते सांगायला नको.

अडचण दुसरीकडे आहे. आतडी वर्षभर पोटाबाहेरच्या पिशवीत राहिली की पोटाची मूळ पोकळी आक्रसते. चवथीची भांडी माळ्यावरून खाली काढली आणि मधल्या वर्षात माळाच लहान झाला, तसं. आता ती भांडी दाबून कोंबली तर काहीतरी मोडणार. इथे मोडतात ती फुप्फुसं आणि मूत्रपिंडं. पोटातला दाब वाढतो, श्वासपटल वर ढकललं जातं, श्वास घेता येत नाही, मूत्रपिंडाला रक्त पोचत नाही आणि लघवी थांबते. ऑपरेशन झकास झालं आणि रुग्ण तिसऱ्या दिवशी व्हेंटिलेटरवर, असं होऊ शकतं. म्हणून आधी सीटी स्कॅन करून बाहेरच्या पिशवीचं आणि आतल्या पोकळीचं आकारमान मोजतात. एकूण ऐवजापैकी २० ते २५ टक्क्यांहून जास्त बाहेर असेल तर थेट बंद करण्याचा हट्ट बहुतेक सर्जन धरत नाहीत.

मग परत जागा कशी करतात?

या प्रश्नाला मी नेहमी जास्त वेळ देतो, कारण ‘प्रत्यारोपण’ ऐकून आलेल्या बहुतेक माणसांचं काम याच पायरीवर होतं.

एक जुना उपाय अर्जेंटिनाच्या गोनी मोरेनो यांनी १९४० च्या दशकात रूढ केला. पोटात बारीक नळी घालून रोज थोडी हवा भरायची, एक-दोन आठवडे. पोकळी हळूहळू ताणली जाते, आणि छातीलाही दाबाची सवय होते. खांदे दुखतात, झोप लागत नाही, पण चालतं. दुसरा उपाय म्हणजे कुशीच्या तिन्ही थरांत सोनोग्राफीने बघत बोटॉक्सची इंजेक्शनं, ऑपरेशनच्या साधारण महिनाभर आधी. हो, सुरकुत्यांचंच ते बोटॉक्स. त्याने स्नायू काही काळ सैल पडतात आणि लांबतात. बोटॉक्सचा हा वापर औषधाच्या मंजूर यादीबाहेरचा असतो, ते रुग्णाला सांगायला हवं.

तिसरा उपाय ऑपरेशनच्या टेबलावरचा. १९९० मध्ये ऑस्कर रामिरेझ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कुशीचे थर एकमेकांपासून सोडवले तर मधले दोन उभे स्नायू त्यांच्या रक्तपुरवठ्यासह आणि चेतातंतूंसह मध्याकडे सरकवता येतात. २०१२ मध्ये युरी नोवित्स्की यांनी सर्वांत आतला आडवा स्नायू मागच्या बाजूने सोडवण्याची पद्धत मांडली. तिच्यात मोठ्या जाळीला दोन थरांमध्ये सुरक्षित जागा मिळते, कातडी वरून उचलावी लागत नाही, म्हणून ती मरतही नाही. हे आता प्रयोग राहिलेले नाहीत. स्वतःचा जिवंत स्नायू, ज्याला मेंदूकडून हुकूम पोचतो, त्याच्याइतकी चांगली भिंत अजून कुणी बनवलेली नाही.

तरी ‘ऊती-प्रत्यारोपण’ म्हणजे नक्की काय? प्रत्येक डॉक्टर वेगळंच सांगतो.

सांगणारच. ऊती म्हणजे कातडी, स्नायू, फॅशिया यांसारखे शरीराचे थर, आणि या एका नावाखाली तीन अगदी निरनिराळ्या गोष्टी मोडतात. पहिली, तुमच्याच शरीरातला तुकडा दुसरीकडून आणणं. दुसरी, मेलेल्या माणसाच्या किंवा जनावराच्या ऊतीतून सगळ्या पेशी धुऊन काढून उरलेला सांगाडा वापरणं. तिसरी, मेंदूमृत दात्याच्या पोटाची भिंत जिवंत, रक्तवाहिन्यांसकट काढून जोडणं. पहिलीत शरीर नाकारत नाही. दुसरीत नाकारण्यासारख्या पेशीच उरलेल्या नसतात. तिसरीत मात्र आयुष्यभर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या. डॉक्टरने ‘प्रत्यारोपण’ म्हटलं की आधी एवढंच विचारा, ऊती कुणाची, आणि जिवंत की मृत?

मांडीचा तुकडा पोटाला लावतात हे खरं का?

खरं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला फॅशियाचा रुंद, जाड पट्टा असतो. तो नुसता काढून लावता येतो, किंवा वरची कातडी, चरबी आणि रक्तवाहिनीसकट फिरवून पोटावर आणता येतो. बेंबीखालच्या भोकांना हा सहज पोचतो, वरच्या पोटासाठी रक्तवाहिनी कापून सूक्ष्मदर्शकाखाली नव्याने जोडावी लागते. हे काम प्लास्टिक सर्जनचं. पाठीचा मोठा स्नायू चेतातंतूसह आणून पोटात जोडण्याचेही यशस्वी प्रयत्न झालेत, आणि त्यात स्नायू पुन्हा आकुंचन पावायला लागतो, ही त्यातली मोठी गोष्ट. तोटा उघड आहे: मांडीवर किंवा पाठीवर नवी जखम, आणि जिना चढताना काही महिने कमी ताकद.

जैविक जाळी प्लास्टिकच्या जाळीपेक्षा चांगली असते ना? महाग आहे म्हणजे चांगलीच असणार.

हा समज खोडून काढायला मला आवडतो. मृत दात्याची कातडी, डुकराची कातडी, डुकराच्या लहान आतड्याचा एक थर किंवा गुरांच्या हृदयाभोवतीचं आवरण घेऊन त्यातल्या पेशी रसायनांनी काढून टाकतात. मागे उरतो तो कोलॅजन या चिवट प्रथिनाचा सांगाडा. त्यात रुग्णाच्या पेशी आणि रक्तवाहिन्या शिरतील आणि हळूहळू तो रुग्णाचाच होईल, ही कल्पना. कागदावर सुंदर. पू झालेल्या जखमेत प्लास्टिकची जाळी कुजेल आणि जैविक टिकेल, असंही बरीच वर्षं मानलं गेलं.

मग अमेरिकेत पाच केंद्रांत २५३ रुग्णांवर चाचणी झाली. सगळे दूषित किंवा थोड्या दूषित पोटाचे रुग्ण, म्हणजे जैविक जाळीचं हक्काचं मैदान. निकाल २०२२ मध्ये आला. दोन वर्षांत हर्निया परत झाला तो जैविक जाळीवाल्यांपैकी २०.५ टक्क्यांना, आणि साध्या प्लास्टिकवाल्यांपैकी ५.६ टक्क्यांना. जंतुसंसर्गात जैविक जाळीने फार काही वाचवलं नाही. किमतीतला फरक मात्र अवाच्या सवा: प्लास्टिकची मध्यक किंमत १०५ डॉलर, जैविकची २१,५३९ डॉलर.

याचा अर्थ जैविक जाळी कधीच नको असा होत नाही. आतड्याला भोक असलेल्या, कातडी उरलेली नसलेल्या अवघड पोटात ती अजून वापरली जाते. पण ‘पैसे जमवा, चांगलीवाली जाळी घालू’ असं कुणी सांगितलं, तर माझ्या मते वरचे आकडे त्याच्यासमोर ठेवावेत. सोनं गहाण टाकण्याआधी तरी नक्कीच.

डुकराची किंवा गुरांची ऊती धर्माच्या दृष्टीने चालत नसेल तर?

तर आधी सांगा, आणि न सांगता विचारणं हे डॉक्टरचं काम आहे हेही लक्षात ठेवा. गोव्यात एका वॉर्डात हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान शेजारी-शेजारी असतात. कुणाला डुक्कर चालत नाही, कुणाला गाय, आणि कुणाला दोन्ही चालतं पण आवयला (आईला) कळू द्यायचं नसतं. सर्जनच्या बोलण्यात फक्त उत्पादनाचं नाव येतं, त्यामागचं जनावर रुग्णाला कळतच नाही. संमतीच्या कागदावर ऊती कुठल्या प्राण्याची हे लिहून घ्या. नको असेल तर पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे साध्या प्लास्टिकची जाळी आहे, आणि साधारण वर्ष-दीड वर्षात शरीरात विरघळणारी, जिवाणूंकडून तयार करून घेतलेल्या पॉलिमरची जाळीही आहे. धर्मगुरूला विचारायचं असेल तर खुशाल विचारा, हे ऑपरेशन क्वचितच घाईचं असतं.

पोटाची अख्खी भिंत दुसऱ्या माणसाची बसवतात, ते कुठे झालंय?

अमेरिकेत मियामी विद्यापीठात. डेव्हिड लेवी, आंद्रेआस त्झाकिस आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आठ रुग्णांवरच्या नऊ प्रत्यारोपणांची माहिती दिली. हे सगळे रुग्ण आतड्याच्या किंवा अनेक अवयवांच्या प्रत्यारोपणाचे होते. वारंवार ऑपरेशन झाल्याने त्यांची पोकळी इतकी आक्रसलेली होती की नवं आतडं घातल्यावर पोट बंद होईना. म्हणून त्याच दात्याच्या पोटाची भिंत, जांघेजवळच्या रक्तवाहिन्यांसकट काढून बसवली.

पुढे इटलीत बोलोन्याला आणि इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला हे तंत्र सुधारलं. ऑक्सफर्डची एक युक्ती मला फार आवडते. स्नायूला रक्ताशिवाय काही तासच काढता येतात, आणि आतड्याचं प्रत्यारोपण लांबतं. म्हणून तोवर दात्याची भिंत रुग्णाच्या हाताच्या रक्तवाहिन्यांवर तात्पुरती जोडून ठेवायची. म्हणजे पोटात एक टीम आतडं जोडतेय आणि शेजारी मनगटाजवळ पोटाची भिंत गुलाबी होऊन तग धरतेय. आतलं काम संपलं की तिला पोटावर हलवायची.

एक अनपेक्षित फायदाही दिसला. नव्या कातडीवर लाल पुरळ आलं की आतलं आतडंही नाकारलं जातंय का, याची शंका लवकर घेता येते. आतड्याचा तुकडा तपासायला दुर्बीण घालावी लागते, कातडी तर आंघोळ करताना दिसते. काही केंद्रांनी तर केवळ या सूचनेसाठी दात्याच्या कातडीचा छोटा तुकडा हातावर लावायला सुरुवात केली.

मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये अफगाणिस्तानात स्फोटात जखमी झालेल्या एका सैनिकाला जननेंद्रिय आणि पोटाच्या भिंतीचा काही भाग एकाच तुकड्यात बसवला गेला. ऑपरेशन १४ तास चाललं. जगभरची सगळी उदाहरणं एकत्र केली तरी ती अजून दहांच्या पटीतच मोजावी लागतात, हजारांत नाही.

मला आतडं नको, फक्त भिंत हवी. मिळेल का?

जवळजवळ नाहीच. कारण गोळ्या. परकी जिवंत ऊती टिकवायला टॅक्रोलिमस आणि तिच्या जोडीची औषधं कायम घ्यावी लागतात. त्यांनी मूत्रपिंड बिघडू शकतं, साखर वाढते, साधा जंतुसंसर्ग जिवावर बेततो, कातडीचे आणि रक्ताचे काही कर्करोग वाढतात. ज्याला आतड्यासाठी या गोळ्या घ्यायच्याच आहेत, त्याच्या खात्यावर भिंतीचा जादा धोका लहान असतो. ज्याचं आतडं ठीक आहे, त्याने चालता-फिरता येणाऱ्या हर्नियासाठी हे ओढवून घ्यावं का? मी माझ्या रुग्णाला नाही सांगेन.

बसवलेली भिंत खऱ्या पोटासारखी काम करते का?

झाकण म्हणून करते. स्नायू म्हणून फारशी नाही, कारण बहुतेक प्रत्यारोपणांत रक्तवाहिन्या जोडतात, चेतातंतू जोडत नाहीत. हुकूम न पोचलेला स्नायू वाळतो आणि त्याची जागा चिवट पट्टा घेतो. चेतातंतू जोडण्यावर काम सुरू आहे.

नुसता फॅशिया दात्याकडून घेता येतो म्हणे?

येतो, आणि मला वाटतं या सगळ्या प्रायोगिक प्रकारांत हाच जास्त पसरेल. अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आयरेसच्या गोंदोलेसी यांच्या चमूने दाखवलं की दात्याच्या पोटातला पांढरा पडदा, कातडी आणि स्नायूशिवाय, रक्तवाहिनीही न जोडता लावता येतो. तो आतल्या अस्तराच्या आणि आजूबाजूच्या ऊतीच्या आधाराने तग धरतो. ऑपरेशन सोपं, वेळ कमी. वर झाकायला रुग्णाची स्वतःची कातडी मात्र पुरायला हवी. हाही आजवर मुख्यतः आतड्याच्या प्रत्यारोपणाच्या रुग्णांतच वापरला गेलाय, जे गोळ्या घेतच असतात.

स्टेम सेलने नवी भिंत उगवता येते का? जाहिरात पाहिली.

उंदीर, ससे, डुकरं यांच्यावर प्रयोग झालेत. सांगाड्यावर मूळ पेशी पेरतात आणि त्या स्नायूसारखं काही बनवतात. तळहाताएवढ्या जाड तुकड्याच्या मधल्या पेशींना रक्त पोचवायचं कसं, हा प्रश्न तिथे अडून बसलाय. भारतात आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसारखे मान्य उपयोग सोडून स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच देता येतात, पैसे घेऊन उपचार म्हणून नाही. त्यामुळे हर्नियासाठी स्टेम सेलचं ‘पॅकेज’ सांगणाऱ्या क्लिनिकमधून उठून यावं.

डॉक्टर म्हणाले हा उपचार प्रायोगिक आहे. मी काय विचारू?

क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियामधला नोंदणी क्रमांक मागा. चाचणीत पहिला रुग्ण घेण्याआधी तिथे नोंद व्हायला हवी, आणि ती यादी घरबसल्या कुणालाही उघडून बघता येते. नैतिकता समितीची मंजुरी आहे का आणि समितीच्या सचिवांचा फोन संमतीपत्रकावर आहे का ते बघा. २०१९ च्या औषधे व चाचण्यांच्या नियमांखाली येणाऱ्या चाचणीत इजा झाली तर मोफत उपचार आणि पात्रतेप्रमाणे भरपाई मिळायला हवी. संशोधनासाठी लागणाऱ्या गोष्टींचं बिल रुग्णाच्या माथी मारणं योग्य नाही.

संमतीपत्रक मराठीत किंवा कोकणीत मागा. इंग्रजीतल्या १८ पानांवर सही करून घेणारा कितीही गोड बोलला तरी आधी घरी न्या, वाचून घ्या. मधेच माघार घेतली तर नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत.

गोव्यात कायदा काय म्हणतो?

इथे एक गंमत आहे. आरोग्य हा राज्याचा विषय, त्यामुळे १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा सुरुवातीला तीनच राज्यांना लागू झाला: गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र, शिवाय केंद्रशासित प्रदेश. म्हणजे या बाबतीत आपण पहिल्या पंगतीत. २०११ च्या दुरुस्तीने कायद्याच्या नावात आणि कक्षेत ‘ऊती’ आल्या, ऊती-बँकांना नोंदणी सक्तीची झाली, आणि नियम २०१४ मध्ये आले. मानवी ऊतीची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. प्रक्रियेचा आणि साठवणीचा खर्च घेतला जातो, ऊतीची किंमत नाही.

भाऊ म्हणतो, माझ्या पोटाचा तुकडा घ्या. चालेल का?

भावाची माया समजते, पण नाही. जिवंत माणसाच्या पोटाची भिंत काढली तर त्याचंच पोट उघडं पडेल, आणि तुम्हाला गोळ्या चुकणार नाहीतच. अगदी एकसारख्या जुळ्यांमध्ये कातडी नाकारली जात नाही, तेवढा अपवाद.

हे उपचार गोव्यात कुठे होतात, खर्च कोण देतं?

स्नायूंचे थर सोडवून जाळी बसवण्याच्या शस्त्रक्रियेसाठी आधी गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) सर्जरी ओपीडीत दाखवा. कातडी किंवा मांडीचा तुकडा लागणार असेल तर तिथून प्लास्टिक सर्जरीकडे पाठवतात. आतड्याचं प्रत्यारोपण देशात चेन्नई, कोचीसारख्या मोजक्या ठिकाणी होतं. कोचीच्या अमृता इस्पितळात २०१५ मध्ये भारतातलं पहिलं हाताचं प्रत्यारोपण झालं, म्हणजे कातडी-स्नायू-हाड एकत्र जोडण्याचा अनुभव तिथे आहे.

गोवा सरकारच्या दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला २.५ लाख आणि चार किंवा अधिक जणांच्या कुटुंबाला ४ लाखांचं संरक्षण आहे. कार्ड नूतनीकरण झालंय ना ते बघा, कारण दाखल व्हायच्या दिवशी ते संपलेलं निघणं ही नित्याची कथा. शस्त्रक्रियेचं पॅकेज यादीत आहे का आणि त्यात जाळीची किंमत धरली आहे का, हे काउंटरवर आधीच विचारा. राज्यात न मिळणाऱ्या उपचारांसाठी आरोग्य खात्याची मेडिक्लेम योजना वेगळी आहे, तिच्यासाठी बाहेर जाण्याआधी कागद करावे लागतात. परत आल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही.

तारीख सहा महिन्यांनी दिली. तोवर काय करू?

त्या सहा महिन्यांतच निम्मं ऑपरेशन होतं. विडी-सिगारेट निदान महिनाभर आधी पूर्ण बंद, नाहीतर कातडीच्या कडा काळ्या पडतात. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ८ टक्क्यांच्या खाली आणायचा प्रयत्न. वजन जास्त असेल तर कमी करायचं, पण नुसत्या पेजेवर राहून नाही. जखम भरायला प्रथिनं लागतात, तेव्हा मासे, अंडी, उसळ, डाळ ताटात हवीत. फेणी रोजची असेल तर डॉक्टरला खरं प्रमाण सांगा, ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी अचानक हात थरथरून रुग्ण नळ्या उपटायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो.

पोटाचा पट्टा बांधा. तो हर्निया बरा करत नाही, पण कंबर सावरतो. झोपताना काढा. पट्ट्याखाली दमटपणाने कातडी सोलवटते, आपल्या पावसाळ्यात तर फारच. सुती बनियन मधे घाला. उघड्या पोटावर कातडी लावून घरी सोडलं असेल तर पुढच्या ऑपरेशनला सर्जन मुद्दाम सहा महिने ते वर्षभर थांबतो. ती कातडी चिमटीत धरून आतड्यापासून सुटी उचलता आली की वेळ झाली. त्याआधी उघडलं तर आतडी फाटतात.

हर्निया कधी घाईचा होतो?

फुगवटा एकाएकी कडक झाला, आत जाईना, रंग बदलला, उलट्या सुरू झाल्या, वारा सरेना, तर १०८ ला फोन करा. घरी चोळत बसू नका. जत्रेचा दिवस असला तरी.

बाळंतपणानंतर पोट सुटलंय. ही भिंत फाटली का?

बहुतेक वेळा नाही. मधले दोन स्नायू एकमेकांपासून दूर जातात, फॅशिया पातळ होतो पण शाबूत असतो. आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा. इथल्या कुठल्याही प्रत्यारोपणाशी याचा संबंध नाही.

बाळाची आतडी जन्मतःच बाहेर असतील तर?

तिथे मोठ्यांचे नियम लागू नाहीत. बाळाची भिंत वाढणारी असते. आतडी पारदर्शक पिशवीत ठेवून ती थोडी थोडी आत सरकवतात, किंवा पातळ आवरण शाबूत असेल तर त्यावर औषध लावून कातडी चढेपर्यंत थांबतात आणि हर्निया पुढे बंद करतात. बाळाच्याच नाळेचा तुकडा वरून झाकायला वापरतात, हे ऐकून आया चकित होतात. गरोदरपणातल्या सोनोग्राफीत हे दिसलं असेल तर बाळंतपण बालशल्यचिकित्सक असलेल्या इस्पितळातच ठरवा.

मेल्यावर मला ऊती दान करायची असेल तर?

पोटाच्या भिंतीसाठी वेगळी नोंद करायची गरज नाही. अवयवदानाची नोंद राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेकडे (नोटो) आधार क्रमांकाने करता येते, आणि गोव्याची राज्य प्रत्यारोपण संस्था गोमेकॉत आहे. मेंदूमृत्यूनंतर कुठले अवयव आणि ऊती द्यायच्या हे नातेवाइकांची संमती घेऊन ठरतं, म्हणून घरच्यांना आजच सांगून ठेवा. कातडीचं दान घरी, नैसर्गिक मृत्यूनंतरही, साधारण सहा तासांच्या आत होऊ शकतं. मांड्या आणि पाठीवरून अगदी पातळ थर घेतात, रक्त वाहत नाही, अंगावर कपडे घातले की काही दिसत नाही. ती कातडी ग्लिसरॉलमध्ये ठेवून मुख्यतः भाजलेल्या रुग्णांना वापरतात.